दुकानाला वारसा लागला

वस्तराकाका सकाळी दुकान उघडायला आले, तेव्हा एक अनोळखी माणूस शिडीवर चढून त्यांच्याच दुकानाच्या भिंतीला भोकं पाडत होता.

"ए! कोण रे तू? बापाची भिंत आहे का?"

"नगरपालिकेचा माणूस आहे," तो वरूनच म्हणाला. "पाटी लावतोय. जरा सरका, डोळ्यात धूळ जाईल."

पाटी पितळेची होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘वारसा वास्तू. या वास्तूत कोणताही बदल करण्यास सक्त मनाई आहे.’ काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

काकांचं खरं नाव गल्ली केव्हाच विसरली होती. हातात वस्तरा असो नसो, जीभ तेवढ्याच धारेची, म्हणून ते वस्तराकाका. गिऱ्हाइकाची दाढी पाण्यानं आणि बाकी जगाची बिनपाण्यानं, हा त्यांचा नेम.

आता हे पाटीप्रकरण का उपटलं, ते सांगायला हवं. सलून अजून काकांच्या वडिलांच्या नावावर होतं आणि वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांची मुलगी मोठ्या शहरात ब्युटी पार्लरचं काम शिकली होती. सलूनमागच्या अडगळीच्या खोलीत तिला पार्लर काढून द्यायचं, तर मधली भिंत पाडायला हवी. भिंत पाडायला परवानगी हवी आणि परवानगीसाठी दुकान काकांच्या नावावर हवं. म्हणून मागच्या महिन्यात ते नगरपालिकेत गेले आणि चौकशीच्या खिडकीत म्हणाले, "वडील गेले. दुकानाला वारसा लावायचाय."

म्हणायचं होतं ‘वारस’. तोंडातून गेलं ‘वारसा’. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "वारसा? दुसरा मजला, डावीकडे."

दुसऱ्या मजल्यावर डावीकडे वारसा संवर्धन कक्ष होता. तिथल्या बाईंकडे आपण होऊन कधी कुणी येत नसे. जुन्या घरांचे मालक त्यांना रस्त्यात पाहिलं तरी गल्ली बदलत. काकांना पाहून बाई उठून उभ्या राहिल्या. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. काकांना तेव्हाच संशय यायला हवा होता. सरकारी कचेरीत चहा मिळाला, की समजावं, आपण चुकीच्या खोलीत आलोय.

"दुकानात आतापर्यंत काही बदल केलेत?" बाईंनी विचारलं होतं.

"एक खिळा ठोकला नाही!" काका छातीठोकपणे म्हणाले होते. त्यांना वाटलं, बाई बेकायदा बांधकाम शोधतायत.

आज पाटी पाहिल्यावर काका तडक दुसऱ्या मजल्यावर पोचले.

"अहो बाई, मला वारस म्हणायचं होतं, वारस!"

"तुम्ही वारसा म्हणालात, काका."

"एका कान्याचा फरक!"

"या गावाचं भाग्य त्याच कान्यात आहे," बाई हळव्या होऊन म्हणाल्या. "आपल्याकडे पाहायला काही नाही म्हणून कुणी थांबत नाही. आता थांबतील. एक पर्यटक आला, की तो रिक्षा करतो, चहा पितो, जेवतो, लॉजवर राहतो, जाताना चार वस्तू नेतो. पैसा गावभर फिरतो."

"आणि दाढी?"

"दाढी तो घरूनच करून येतो."

"मग माझ्या डोंबलाचा फायदा? अहो, आत सगळं भंगार आहे!"

"अगदी तसंच राहू द्या," बाई म्हणाल्या. "आणि यादीतून नाव काढायचंच असेल, तर समिती आहे. फक्त नाव काढायला ती अजून कधी बसलेली नाही."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, भिंत पडली का हो?"

"पडेल गं. घाई काय आहे?"

"घाई म्हणजे, इथल्या पार्लरच्या मालकीणबाई विचारतायत, कायमची राहतेस का म्हणून. चांगल्या आहेत त्या. महिनाअखेरीस त्यांना हो की नाही सांगायचंय."

काकांनी फोन ठेवला आणि एकट्यापुरता कुकर लावला. मुलीची आई गेल्यापासून त्या घरात बोलायला भिंतीच होत्या, आणि आता नेमकी नको ती भिंत सरकारनं राखीव केली होती. पोटच्या पोरीला घरी आणायला माणसानं परवानगी कुणाकुणाची घ्यायची? त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

मग पर्यटक आले. रंगीत छत्री उंच धरलेला एक गाइड पुढे आणि मागे गळ्यात कॅमेरे घातलेला घोळका. खुर्चीत निवृत्त हेडमास्तर गालभर फेस घेऊन बसले होते. चारी बाजूंनी क्लिक क्लिक सुरू झाल्यावर ते अर्धी दाढी तशीच टाकून, टॉवेलसकट पळाले. उरलेली अर्धी त्यांनी पलीकडच्या गल्लीत करून घेतल्याचं काकांना नंतर कळलं.

काकांचा पारा चढला. "तमाशा आहे का हा? बापजन्मात दाढी पाहिली नाही कुणी? तुमच्या गावात काय केस उगवत नाहीत? ए छत्रीवाल्या, ही वरात उचल आणि चालता हो!"

गाइडनं पाहुण्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सगळे खूश होऊन टाळ्या वाजवायला लागले.

"काय सांगितलंस रे त्यांना?"

"हेच, की इथं पिढ्यान्‌पिढ्या बिनपाण्यानं हजामत होते. आणि जो ती करून घेतो, त्याचं भलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं आली. काका दुप्पट ओरडले. तिसऱ्या दिवशी लोक आपण होऊन पुढे येऊन उभे राहायला लागले. एका आजीबाईंनी तर नवऱ्याला पुढे ढकलून खुणेनं सांगितलं, यांना जरा जास्त झापा.

नेहमीची गिऱ्हाइकं तुटली, पण गल्लीचं नशीब उघडलं. चहावाल्यानं नवी बाकडी टाकली. पिशव्यांच्या दुकानात प्लास्टिकच्या छोट्या वस्तऱ्यांच्या किल्लीसाखळ्या लटकू लागल्या. कोपऱ्यावरच्या लॉजनं नाव बदलून ‘वस्तरा व्ह्यू’ केलं. काका तक्रारीवर सह्या गोळा करायला गेले, तेव्हा चहावाल्यानं कानाला हात लावले.

"सही करून स्वतःच्याच पोटावर पाय आणू का, काका? त्यापेक्षा चहा घ्या, घसा बसला असेल. आणि एक सांगू? दुपारच्या लोकांना काल तुम्ही फार लवकर सोडलंत. हळहळत होती बिचारी."

शेवटी काका एकटेच समितीपुढे गेले. बसायलासुद्धा नकार देऊन त्यांनी अध्यक्षांपासून शिपायापर्यंत एकेकाची जी काही हजामत केली, ती ऐकायला खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. दोन दिवसांनी बाई स्वतः दुकानात आल्या.

"काका, समितीला पटलं. दुकानात खरंच काही नाही. वास्तू वगळली."

"अखेर अक्कल आली म्हणायची!"

"वास्तूऐवजी तुम्हाला घेतलंय. जिवंत वारसा. कला, बिनपाण्यानं हजामत."

"म्हणजे आता माणसाला पाटी ठोकणार?"

"छोटीशी आहे हो. खिशाला लावायची."

काकांनी तोंड उघडलं. डोळ्यांपुढे भिंत आली, महिनाअखेर आली आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. "भिंत पाडू ना मग?"

"खुशाल पाडा. दुकानाला वारसही लावून दिलाय, बिनकान्याचा."

काकांनी मुकाट्यानं खिसा पुढे केला.

भिंत पडली. मुलगी आली. पलीकडे नवे आरसे लागले, बायकांची वर्दळ सुरू झाली. दुपारी "बाबा, जेवायला चला" अशी हाक येऊ लागली. काका कात्री चालवता चालवता तिचं गुणगुणणं ऐकत आणि आपल्याशीच हसत. त्यांच्यासारखा सुखी माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता, आणि तिथंच घोटाळा झाला.

"या, या, बसा," ते पर्यटकांना म्हणू लागले. "लांबून आलात. पाणी देऊ?"

गाइडला घाम फुटला. चौथ्या दिवशी बाई धावत आल्या. "काका, हे काय चालवलंय? चहावाल्याची बाकडी रिकामी आहेत, लॉजच्या खोल्या रद्द होतायत! सगळं गाव तुमच्या तोंडावर अवलंबून आहे हो!"

"काय करू, बाई? रागच येत नाही."

"प्रयत्न तरी करा! समोर बघा, एवढी माणसं उभी आहेत."

काकांनी घसा खाकरला. "अरे... चालते व्हा की," ते ओशाळून म्हणाले. शाळेच्या नाटकात पहारेकरी बोलतो, तसं ते वाटलं. पर्यटकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कॅमेरे पिशवीत घातले.

तेवढ्यात पलीकडून, कुणाच्या तरी भुवया कोरता कोरता, मान वर न करता मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची ती खुर्ची काढून टाकते हं. भंगारवाल्याला बोलावलंय."

"काय म्हणालीस?"

"कुरकुरते सारखी. माझ्या नव्या खुर्च्यांपुढे बरी नाही दिसत."

"भंगार? माझ्या बापाची हयात गेली या खुर्चीपाठी उभं राहण्यात! तुझं जावळ या खुर्चीत काढलंय मी! चार दिवस झाले नाहीत येऊन, आणि निघाली वारसा मोडीत काढायला! हात लावून तर बघ! या दुकानातला एक खिळा हलवू देणार नाही मी कुणाला!"

कॅमेरे भराभर बाहेर आले. आजूबाजूची माणसं बाकड्यांवर चढून बघू लागली. बाईंनी पदरानं डोळे टिपले. काका खुर्चीला पाठीशी घालून, हात पसरून उभे होते आणि थांबायचं नाव घेत नव्हते.

मुलीनं दोरा झटकला आणि गाइडला हळूच जवळ बोलावलं.

"रोज याच वेळेला आणा," ती म्हणाली. "उद्या बाबांच्या जुन्या आरशाचं काढते."