बटण गुलाबाचा कॅप्टन

"अहो, इकडे लक्ष द्या. माती वरवर सुकली, की सकाळी एक पेला पाणी. वाळलेलं फूल तेवढं खुडायचं. बाकी काही म्हणजे काहीही करायचं नाही. काय सांगितलं मी?"

"काहीही करायचं नाही," ड्रिलमास्तर म्हणाले.

मास्तर हे अगदी मनापासून म्हणाले होते, हीच यातली दुःखाची गोष्ट. ज्या माणसाने सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकण्यात घालवली, जो बसच्या रांगेतही टाचा वर-खाली करत उभा राहतो, त्याला काहीही करू नका असे सांगून गावाला जाणे यात शहाणपण नव्हते. पण बाईंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, नाइलाज होता. मुलीचे बाळंतपण तारखेच्या आधीच येऊन ठेपले होते आणि रिक्षा खाली हॉर्न वाजवत होती.

बाई चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू बसवण्यात त्यांचा दिवस जाई, त्यामुळे लहान वस्तूंवर त्यांचा जीव. घरची बाल्कनी अशी, की दुसरा माणूस आला की पहिल्याने आत जावे. तिथे एका कुंडीत त्यांनी बटण गुलाब वाढवला होता. वीतभर झाड, शर्टाच्या बटणाएवढी लाल फुले आणि पाकळीला पांढरी कड. थोरल्या जाऊबाईंच्या अंगणात बशीएवढे गुलाब फुलत. त्यांनी एकदा बाल्कनीत डोकावून विचारले होते, "हे फूल आहे, की फुलाचा नमुना?" ते बाईंच्या मनाला फार लागले होते. यंदा फुलांच्या प्रदर्शनात बटण गुलाबांसाठी वेगळे टेबल होते. बाईंनी नाव दिले होते, झाडाला कळ्याही धरल्या होत्या. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी त्या परत येणार होत्या.

मास्तरांचा ऊर भरून आला होता. लग्न झाल्यापासून या घरातली कुठलीही नाजूक वस्तू त्यांच्या स्वाधीन झालेली नव्हती. गळका नळ त्यांनी एकदा असा घट्ट केला, की तो हातात आला. भिंतीवरचे घड्याळ सरळ करताना खिळ्यासकट पोपडाही निघाला. हाताला बळ होते, अंदाज नव्हता. आणि आज बाईंनी आपला गुलाब त्यांच्यावर सोपवला होता! या खेपेला तरी आपण शब्दाला जागायचे, असे त्यांनी ठरवले.

सुरुवातीला ते जागलेही. सकाळी पेलाभर पाणी, मग स्टूल घेऊन कुंडीसमोर बैठक. पण बघता बघता त्यांना झाडाची कीव येऊ लागली. एवढेसे झाड, काडीएवढ्या फांद्या! मैदानावर अशी पोरे आली की ते त्यांना आधी केळी खायला घालत.

अशातच मातीतून एक नवा फुटवा वर आला. सरळसोट, गुबगुबीत, ताठ मानेचा. काल टीचभर, तर आज हातभर. मास्तर हरखून गेले. "शाबास! याला म्हणतात गडी." त्यांनी त्याचे नाव कॅप्टन ठेवले आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलने त्याच्या उंचीच्या खुणा करायला सुरुवात केली.

"झाड कसं आहे?" बाईंनी फोनवर विचारले. मागे नातवंड टाहो फोडत होते.

"जोरात! उंची घेतोय."

"उंची? अहो, बटण गुलाबाला कसली आलीय उंची? खत-बित घातलं नाहीत ना?"

"छे!" मास्तर म्हणाले. ते खरेही होते. खत त्यांनी फोन ठेवल्यावर घातले. बाईंनीच आठवण करून दिली, असे त्यांना वाटले. एका वाढत्या गड्याला किती लागेल, याचा विचार करून त्यांनी चांगले मूठभर घातले.

कॅप्टनला ते मानवले. बाकीच्या फांद्यांना नाही. पाने पिवळी पडली, कळ्यांनी माना टाकल्या आणि एक एक करून त्या बाल्कनीच्या फरशीवर पडल्या. मास्तरांनी यावरून काढू नये तोच निष्कर्ष काढला. ही मंडळी कॅप्टनच्या तोंडचा घास खाताहेत आणि कामाच्या नावाने शून्य. अशा वेळी प्रशिक्षकाने मन घट्ट करायचे असते. त्यांनी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि कच्च्या गड्यांना संघातून काढले. सगळ्यांना. कुंडीत एकटा कॅप्टन उरला आणि तो त्याच दिवशी कठड्याच्या वर गेला.

"कळ्या उमलल्या का हो?" बाईंचा पुन्हा फोन आला. "फोटो पाठवा ना. पोरीला पण दाखवते."

मास्तर फोन हातात घेऊन कॅप्टनसमोर उभे राहिले. त्यांनी त्याला खालून पाहिले, वरून पाहिले. काटे भरपूर होते. कळी एकही नव्हती. मास्तर स्टुलावर बसले.

"कॅमेरा बिघडलाय," ते फोनमध्ये म्हणाले.

त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. कॅप्टनला समजावले, दरडावले, कुंडी उन्हात ओढली, पुन्हा आत ओढली. प्रदर्शन जवळ आले आणि कॅप्टनला फक्त आणखी काटे आले. गुलाबातले कळणारे माणूस मास्तरांच्या ओळखीत एकच होते, आणि ते म्हणजे थोरल्या जाऊबाई. तिकडे जाणे म्हणजे सरळ शत्रूच्या गोटात जाणे होते. पण दुसरा मार्ग दिसेना. मास्तर कुंडी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कॅप्टनने वाटेत कंडक्टरची बाही धरली ती स्टॉप येईपर्यंत सोडली नाही.

वहिनींनी दार उघडले, मास्तरांकडे पाहिले आणि मग मान वर करून कॅप्टनकडे पाहिले.

"भाऊजी, हे काय आणलंत?"

"बटण गुलाब," मास्तर म्हणाले. "कळ्या येत नाहीयेत."

वहिनींनी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "हा रानगुलाब आहे. बटण गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटणारा कोंब, याच्या खुंटावर बांधून कलम केलेलं असतं. खालून असा फुटवा आला की तो काढून टाकायचा, नाहीतर सगळं तोच खातो. वरचं झाड कुठाय?"

"कापलं."

"कोणी?"

मास्तरांनी नुसता हात वर केला, वर्गात करतात तसा.

"म्हणजे झाड टाकलंत आणि खुंट जपलात."

"आता काही करता येईल?"

"हो. कुंपणाला लावा. गुरं आत शिरणार नाहीत."

मास्तरांना वाटले, आता ही हसणार, आणि मग आयुष्यभर हसतच राहणार. पण वहिनी हसल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या आणि पदराला हात पुसत राहिल्या.

"फार गोड फुलं यायची हो तिच्याकडे," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला बटण गुलाब लागतच नाही. किती आणले, सगळे मेले. भाजीला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून तुमच्या बाल्कनीखालून जाते मी. तिला सांगाल तर याद राखा."

मग त्यांनी कॅप्टनला बुडाशी धरून एका झटक्यात खुंटापासून ओढून तोडले. मास्तरांच्या तोंडून नकळत "अरेरे" निघाले. कापलेल्या बुंध्यापाशी वहिनींनी बोटाने माती उकरली, खताचे खडे वेचून काढले आणि खूप वेळ निरखून पाहिले. "इथे एक डोळा हिरवा दिसतोय. जगेल, नाहीतर नाही. कुंडी इथेच राहू दे. तुम्ही घरी जा."

बाई परत आल्या तेव्हा मास्तर बाल्कनीच्या दारात सावधानच्या पवित्र्यात उभे होते. मागे फरशीवर कुंडीचा गोल डाग होता.

"मी काहीतरी केलं," ते म्हणाले आणि त्यांनी सगळे सांगितले, मुठीच्या मापासकट.

बाई ओरडल्या असत्या तर मास्तरांना बरे वाटले असते. पण त्या बॅग मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिल्या. चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणा त्यांनी खालून वरपर्यंत पाहिल्या.

"एवढंच तर होतं हो माझं," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मास्तर जन्मात कधी इतके लाजले नव्हते. पाणी आणावे म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि आपल्याला एक पेला पाणी तेवढे देता येते, हे मनात येऊन तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात बाईंच्या नावाच्या चिठ्ठीमागे टेबल रिकामे होते. थोरल्या जाऊबाई आपले बशीएवढे गुलाब सोडून दिवसभर त्या रिकाम्या जागेशी उभ्या राहिल्या आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी भाऊजींनी काय केले ते सांगितले. दुपारपर्यंत बाईही त्यात भर घालू लागल्या. नळाची गोष्ट निघाली, घड्याळाची निघाली. संध्याकाळी दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसत बाहेर पडल्या. मास्तर मागून रिकामी टोपली घेऊन चालत होते. त्यांना सगळे गाव ओळखू लागले होते.

हिरवा डोळा जगला आणि कुंडी बाईंच्या बाल्कनीत परत आली. थंडी सरता सरता त्याला बोटभर फांदी आली आणि फांदीला मुगाएवढी कळी. तेवढ्यात मुलीची रजा संपली आणि बाळाला सांभाळायला बाईंना पुन्हा जाणे आले.

रिक्षा थोरल्या जाऊबाईंच्या दाराशी थांबली. मास्तर पिशवी घेऊन उतरले. बाई बसल्या जागेवरूनच सांगू लागल्या, "सकाळचं कोवळं ऊन द्या. पाणी वेळच्या वेळी. खाणं बेताचंच, जास्त झालं की बिघडतं. वाऱ्यात ठेवू नका. आणि मुख्य म्हणजे हाताशी कात्री ठेवू नका."

"तू निर्धास्त जा गं," जाऊबाई म्हणाल्या. "मी बघते."

मास्तरांनी कुंडी उतरवून घ्यायला दोन्ही हात पुढे केले. कुंडी बाईंच्या मांडीवर होती. बाईंनी ती पदराखाली घेतली आणि रिक्षा निघाली.

मास्तरांनी हातातली पिशवी उघडून पाहिली. आत त्यांचेच कपडे होते. जाऊबाईंनी त्यांचा दंड धरला, अंगणाच्या अर्ध्या सावलीत खुर्ची ओढली आणि त्यांना तिच्यात बसवले.

"इथे बसा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आणि काहीही करू नका."