शंभर वर्षांची झाक

दातांच्या डॉक्टरांकडे एक दुर्मीळ रिव्हॉल्व्हर होतं आणि त्यापुढे त्यांना बाकीचं जग फिकं वाटायचं. नळी कायमची बुजवलेली, परवाना फ्रेम करून शेजारी टांगलेला, त्यामुळे त्यातून गोळी काही सुटायची नव्हती. सुटायचे ते डॉक्टरच. त्या घडणीची जगात अगदी मोजकीच उरलीत, ही माहिती ते पेशंटचा जबडा उघडा असताना द्यायचे, म्हणजे मध्ये कुणी तोंड घालत नसे.

शौकिनांच्या दुनियेत अशा वस्तूत किंमत लोखंडाला नसते. लोखंडावर शंभर वर्षांत चढलेली जी तपकिरी झाक असते ना, किंमत तिला. ती पुसायची नाही, घासायची नाही, शक्यतो तिच्याजवळ शिंकायचंही नाही. डॉक्टर दर रविवारी रिव्हॉल्व्हर मऊ फडक्यावर ठेवायचे आणि समोर बसून नुसते बघायचे. "करमतं का हो नुसतं बघून?" असं बायकोने एकदा विचारलं होतं. यावर ते दोन दिवस घुश्शात होते.

आज संध्याकाळी संग्राहक मंडळाचे अध्यक्ष ते बघायला येणार होते. त्यांनी "अस्सल" म्हटलं की डॉक्टर मंडळाचे सभासद होणार आणि रिव्हॉल्व्हर प्रदर्शनातल्या मधल्या कपाटात जाणार. या एका शब्दासाठी डॉक्टर कित्येक वर्षं झुरत होते. सकाळपासून त्यांनी घरादाराला सळो की पळो करून सोडलं होतं. हे पूस, ते उचल, पाहुणे यायचेत. मग दुपारी दवाखाना आटपून ते घरी आले, कपाटापाशी गेले आणि जागच्या जागी थिजले.

फडक्यावर एक लखलखीत वस्तू पडली होती.

"बाळ, आलास का रे," गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे राहायला आलेली आत्या आतून म्हणाली, "किती कळकट्ट झाली होती तुझी बंदूक. म्हटलं पाहुणे यायचेत, तर काढली घासून. लिंबू लावलं, राख लावली. दोनदा लावावी लागली हो."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्या, शंभर वर्षं लागली होती गं ती झाक चढायला."

"म्हणूनच निघेना," आत्या म्हणाली.

बायकोने सरळ मार्ग सुचवला. "अहो, खरं ते सांगून टाका."

"काय सांगू? माझ्या आत्याने इतिहास घासला म्हणून?"

डॉक्टर डोकं धरून बसले. मग त्यांच्यातला दंतवैद्य जागा झाला. जन्मभर लोकांना बजावलं होतं, चहा कमी करा, डाग पडतात. आता डाग तर हवेच होते. त्यांनी सगळ्यात मोठं पातेलं काढलं, अर्धा डबा चहापत्ती ओतली आणि रिव्हॉल्व्हर आत सोडलं. पहिल्या उकळीला ते राखाडी झालं, दुसरीला जांभळट. डॉक्टर पळीने ते खालीवर करत होते आणि बायको दाराशी उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती.

"हसतेस काय? माझा जीव टांगणीला लागलाय."

"नाही हो, शिजलं का ते विचारत होते."

अखेर तपकिरी रंग धरला. डॉक्टरांनी ते बाहेर काढून टिपून कोरडं केलं, फडक्यावर ठेवलं, आणि बेल वाजली.

अध्यक्ष कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी भिंग लावलं आणि वाकून बघत राहिले. तेवढ्यात आत्या कपबश्या घेऊन आली.

"घ्या. चांगला कडक झालाय. पातेलंभर करून ठेवला होता बाळने, नुसतं दूध-साखर घालायची राहिली होती."

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. बायकोने छताकडे बघितलं.

अध्यक्षांनी घोट घेतला. थांबले. आणखी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, कपात बघितलं, मग रिव्हॉल्व्हरकडे बघितलं. भिंग मिटून खिशात घातलं आणि उठून उभे राहिले.

"अस्सल आहे. ही झाक वर्षानुवर्षांच्या हवेचं काम आहे. अभिनंदन, डॉक्टर, तुम्ही सभासद झालात."

डॉक्टर त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले, तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. अध्यक्षांनी आजूबाजूला नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"किती वेळ उकळलंत?"

डॉक्टरांनी फाटकाची कडी उगाच लावली आणि परत काढली.

"चवीवरून कळलं हो. माझी सूनबाई फार टापटिपीची आहे, आमच्याकडे वरचेवर होतं हे. चहा जरा लालसर मारतो. पुढच्या वेळी कॉफीत घाला. प्रदर्शनातलं मधलं कपाट बघितलंत ना? सगळं कॉफीतलं आहे."

"आणि बाकीचे सभासद?"

"कुणाची आई, कुणाची सासू. एकाने हौसेने स्वतःच घासलं होतं," अध्यक्ष म्हणाले आणि गाडीत बसले.

डॉक्टर घरात आले. हवा होता तो शब्द मिळाला होता आणि त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. आत्या गुडघ्याला तेल चोळत बसली होती.

"काय म्हणाले रे?"

"अस्सल आहे म्हणाले."

"ते काय मला माहीत नाही? मुठीच्या वर केवढी नाजूक वेलबुट्टी कोरली आहे. एकेक पान वेगळं. आणि चक्राच्या कडेला कुणाचं तरी नाव आहे, बारीक अक्षरात. राखेने घासलं तेव्हा कुठे वर आलं. आता परत काळं करून ठेवलंस, तुझं तुला माहीत."

डॉक्टरांना वेलबुट्टी माहीत नव्हती. इतके रविवार बघूनही त्यांना ती कधी दिसली नव्हती, आणि दुपारी दिसली असती तेव्हा ते घाबरून पातेलं शोधत होते. प्रदर्शनातही ती कुणाला दिसणार नव्हती. मंडळात आणि घरात मिळून ते रिव्हॉल्व्हर खरं बघितलेली अशी ही एकटी आत्याच होती.

ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"पानं कशी होती गं, आत्या? नीट सांग."