कपाटातला समुद्र

माझ्या कानांबद्दल मला कोणी काही शिकवू नये. माझं पोटच त्यांच्यावर चालतं. मी हॉस्पिटलमध्ये लोकांची श्रवणशक्ती तपासतो. माणसाला बंद केबिनमध्ये बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचे, एकेक बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. एकोणीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे साठच्या दशकाच्या अखेरचं, जग साफ विसरून गेलेलं ब्रिटिश सायकेडेलिक पॉप पुन्हा उजेडात आणायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही, असं मी जाहीर केलं तेव्हा मला त्यात काही अति वाटलं नाही.

झालं असं की माझा एक जुना पेशंट घर बदलत होता. तरुणपणी तो जहाजावर वायरलेस ऑपरेटर होता. बंदराबंदरांतून त्याने तबकड्या जमवल्या होत्या, पण आता दोन्ही कानांना यंत्रं लागली आणि ऐकण्यातली मजा गेली. त्याने एक खोका आणि एक रेकॉर्ड प्लेअर माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, तुमचे कान चांगले आहेत, तुम्ही ऐका.

खोक्यात बेचाळीस छोट्या तबकड्या होत्या. एकाही बँडचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. नंतर कळलं की कोणीच ऐकलं नव्हतं. ही सगळी पोरं एकच तबकडी काढून गायब झालेली! कोणी टपाल कचेरीतल्या बाईंवर गाणं केलेलं, कोणी उडत्या छत्रीवर, कोणी आपल्या काकांच्या मिशीवर. मध्येच उलटी वाजवलेली टेप, मध्येच सतार, मध्येच अख्खा बँडबाजा आणि शेवटी कोणीतरी कपबशी फोडतंय. वेड लागायची पाळी.

प्लेअर मात्र बंद होता. मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली तुटली होती आणि तसा सुटा भाग आता कुठे मिळेना. पण आमच्या घरात माझे सासरे आहेत. त्यांनी चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली. एखादी वस्तू बंद पडली की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं. त्यांनी प्लेअर उलटा केला, आत डोकावून पाहिलं, आणि एक जुनी बॉबिन कानशीने घासून त्या पुलीच्या जागी ठोकून बसवली. अर्ध्या तासात तबकडी फिरू लागली. मी त्यांच्या पाया पडायचा तेवढा राहिलो.

बेचाळीसपैकी अगदी शेवटच्या तबकडीने माझा निकाल लावला. बँडचं नाव ‘द पेपर लॅम्पपोस्ट’. गाण्याच्या नावाचा अर्थ, ‘कपाटात समुद्र आहे’. काय सांगू तुम्हाला! ऑर्गन असा वाजत होता की धुकं खोलीत शिरतंय. ढोल दमलेल्या हत्तीसारखा एकेक पाऊल टाकत येत होता. आणि तो आवाज, खोल, जड, विहिरीच्या तळातून आल्यासारखा, सांगत होता की माझ्या कपाटात समुद्र आहे आणि तो रोज थोडा वर चढतो. मी डोळे मिटून तीन वेळा ऐकलं. चौथ्या वेळी बायको स्वयंपाकघरातून आली. ती भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. तिने विचारलं, हे सगळे लोक नुकते झोपेतून उठल्यासारखे का गातात? मी तिला समजावलं की तो त्या काळाचा थकवा आहे, एक अख्खी पिढी स्वप्नातून जागी होत होती. ती म्हणाली, बेचाळीसच्या बेचाळीस तबकड्यांवर?

मी दुर्लक्ष केलं.

पुढचे दोन महिने मी जमिनीवर नव्हतो. मी बारा पानांची पुस्तिका लिहिली. तिच्यात तीन पानं नुसती त्या गाण्याच्या संथ लयीवर होती. तबकडीवर गाण्याची लांबी दोन मिनिटं आठ सेकंद छापली होती आणि माझ्या घड्याळात दोन मिनिटं पन्नास सेकंद भरत होती. त्याचाही मी उलगडा केला. लांब गाणी रेडिओवाले लावत नसत, म्हणून या पठ्ठ्यांनी व्यवस्थेच्या डोळ्यांत मुद्दाम धूळ फेकली, असं मी ठासून लिहिलं.

आणि मग मला खुद्द गायक सापडला! इंटरनेटवर महिनाभर धुंडाळल्यावर एका छोट्या गावच्या प्लंबरच्या पत्त्यावर मी मेल टाकली आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. होय, तो मीच. वय अठ्ठ्याहत्तर. बँड सात महिने टिकला, तबकडीच्या जेमतेम शंभर प्रती खपल्या, त्यातल्या नऊ आईने घेतल्या. नंतर आयुष्यभर नळ दुरुस्त केले. त्यांची स्वतःची प्रत पहिल्या बायकोबरोबर गेली, त्यामुळे ते गाणं त्यांनी पन्नासहून जास्त वर्षांत ऐकलेलंच नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, ‘ते चांगलं होतं असं मला कधी कोणी सांगितलं नाही. तुम्ही पहिलेच.’

ती ओळ मी बायकोला वाचून दाखवली. तिने चहा करून दिला.

आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा रविवारी तबकडीप्रेमींचं मंडळ जमतं. त्यांच्यासमोर व्हिडिओ कॉल लावायचा आणि प्लंबरआजोबांना त्यांचं गाणं ऐकवायचं, असा मी बेत केला. मंडळात एक सदस्य आहेत, त्यांना आम्ही ‘कॅटलॉग’ म्हणतो. कुठलीही तबकडी दाखवा, ते तिचा क्रमांक सांगतात. ‘द पेपर लॅम्पपोस्ट’ त्यांना माहीत नव्हता. त्या सुखात मी आठवडाभर जेवलो नाही तरी चाललं असतं.

रविवारी दुपारी हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं आली. प्लेअर उचलायला सासरे बरोबर होते. बायको शेवटच्या रांगेत बसली. पुस्तिका वाटून झाल्या. पडद्यावर आजोबा उगवले. त्यांच्याकडे सकाळ होती. टक्कल, बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर, मागे पाइपांनी भरलेलं फडताळ. आजच्यासाठी त्यांनी टाय लावला होता.

मी अकरा मिनिटं बोललो. लय, थकवा, व्यवस्थेच्या डोळ्यांतली धूळ, सगळं आलं. मग सुई ठेवली. ऑर्गनचं धुकं पसरलं. हत्ती चालू लागला. हॉल गपगार. आजोबा कानाला हात लावून पुढे वाकले होते. कपाळावर आठी होती, पण मी ती भावनेची समजलो. गाणं संपलं. समुद्र ओसरल्यासारखी शांतता पसरली. सगळे पडद्याकडे बघत होते.

आजोबांनी चष्मा नीट केला आणि फार अदबीने म्हणाले, “खूप सुंदर आहे. कोणाचं आहे हे?”

पहिल्यांदा मला वाटलं, नेट अडकलं. मी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. त्यांनी तोच विचारला. मी म्हणालो, तुमचंच आहे. ते ओशाळून हसले. म्हणाले, नसावं, माझा आवाज असा नव्हता. चर्चमध्ये मला मुलींच्या रांगेत उभं करायचे.

पस्तीस माणसांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी तबकडी दाखवली, नाव वाचून दाखवलं. वय झालंय, विसरले असतील, असंही कोणीतरी पुटपुटलं आणि मला कृतघ्नासारखा दिलासा वाटला. तेवढ्यात कॅटलॉग उठले. त्यांनी लेबल पाहिलं, आपलं घड्याळ पाहिलं, आणि पुस्तिकेच्या सातव्या पानावर बोट ठेवून शांतपणे म्हणाले, “दोन आठ म्हणजे दोन आठच असतात हो. तुमचा प्लेअर हळू फिरतोय.”

हॉलमध्ये खसखस पिकली. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते प्लेअरकडे पाहत होते.

“बॉबिन मूळ पुलीपेक्षा बारीक पडली होती,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण जावईबापू, तुम्ही डोळे मिटून इतके खुशीत बसला होतात की जिवावर आलं.”

म्हणजे बेचाळीसच्या बेचाळीस! तो थकवा, ती स्वप्नातून जागी होणारी पिढी, सगळं एका घासलेल्या बॉबिनचं काम! मी मागे बायकोकडे पाहिलं. ती अतिशय एकाग्रतेने छताचा पंखा बघत होती.

सासऱ्यांनी वाचनालयाच्या टेबलावरची चिकटपट्टी घेतली आणि बॉबिनवर वेढ्यावर वेढे द्यायला लागले. बॉबिन जाड झाली की तबकडी जोरात फिरणार, असं त्यांचं गणित होतं. मधूनमधून ते मोटर चालू करत आणि कॅटलॉग घड्याळ धरून फेरे मोजत. मी मधल्या वेळात आजोबांना काय घडलंय ते सांगितलं. सांगताना घाम पुसत होतो. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि पट्टी कोणत्या रुंदीची आहे असं त्यांनी मध्येच विचारलं.

मग खरं गाणं वाजलं.

ऑफिसला उशीर झालेली बदकं रस्त्याने धावत सुटावीत, तसं ते सुटलं. ढोल टणाटण उड्या मारत होता, ऑर्गन जत्रेतल्या पाळण्यासारखा गरगरत होता आणि कोणीतरी एकोणीस वर्षांचं पोर नाकातून चिरकत होतं की त्याच्या कपाटात समुद्र आहे. हॉल हसायला लागला. पुस्तिका तोंडावर धरून लोक हसत होते, म्हणजे माझ्याच तीन पानांआड! मला कुठल्या तरी बंद केबिनमध्ये जाऊन बसावंसं वाटत होतं.

पण आजोबा! ते ताठ बसले होते. टेबलावर बोटं नाचत होती. तोंड हलत होतं. शब्द न् शब्द पाठ होता. गाणं संपलं तेव्हा ते धापा टाकत म्हणाले की हो, हे आम्हीच, आणि ढोलावर जो चुकतोय तो माझा धाकटा भाऊ. मग त्यांनी विनंती केली, पहिलं होतं ते पुन्हा एकदा लावाल का?

सासऱ्यांनी पट्टी उलगडली. धुकं पुन्हा आलं. या वेळी कोणी हसलं नाही. आजोबांनी टाय सैल केला, चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

“मी हे असंच लिहिलं होतं,” ते म्हणाले. “आईच्या स्वयंपाकघरात बसून, अगदी हळू. स्टुडिओत आम्हाला दोनच तास मिळाले. तिथला साहेब म्हणाला, लोकांना नाचायचंय, पळवा. आम्ही पळवलं. मला वाटलं, ते माझ्या डोक्यातच राहणार.”

मी उभ्या उभ्या टाळ्या वाजवायला लागलो आणि माझ्यामागोमाग सगळा हॉल. कॅटलॉगसुद्धा! मी चुकलो होतो, पण चुकून बरोबर ठिकाणी पोचलो होतो. लय संथच होती! तीन पानं शाबूत होती! त्या उत्साहाच्या भरात मी पुस्तिकेचं नववं पान उघडलं आणि त्यांना विचारलं की कपाटातला तो रोज चढणारा समुद्र म्हणजे माणसाच्या मनातलं दडपलेलं दुःखच ना?

आजोबांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाले, नाही, ओल होती. त्यांच्या खोलीतल्या कपाटामागून पाइप जात होता आणि तो गळत होता. सगळे कपडे भिजायचे. कोणी दुरुस्त करेना, म्हणून आधी त्यावर गाणं केलं आणि बँड मोडल्यावर तो पाइप स्वतःच दुरुस्त केला. तिथूनच पुढचा धंदा सुरू झाला.

मी हे मराठीत सांगताच सासरे खुर्ची ओढून पडद्यासमोर येऊन बसले. पाइप शिशाचा होता की लोखंडाचा, विचारा म्हणाले. मी विचारलं. उत्तर लांबलचक होतं. त्यावर सासऱ्यांचा प्रतिप्रश्न होता. मंडळातले लोक हळूहळू उठून गेले. बायकोने पुस्तिका गोळा केल्या. चार लोकांनी आपापली प्रत घरी नेली, एवढं तरी मी पाहिलं.

आता दर रविवारी दुपारी कॉल असतो. आजोबा पाइपांच्या फडताळापुढे आणि सासरे बाथरूमच्या दारात स्टुलावर बसतात. मी मध्ये लॅपटॉप धरून भाषांतर करतो. गेल्या पाच रविवारांत संगीताचा एक शब्द निघालेला नाही. परवा मी धीर करून विचारलं की तबकडीच्या दुसऱ्या बाजूच्या गाण्यातली ती उलटी टेप नेमकी कशी केली होती. दोघांनीही एकाच वेळी हात वर करून मला थांबवलं. फ्लशची टाकी सतत का वाहते, त्याचा उलगडा अगदी तोंडाशी आला होता.

टाकीच्या तळाशी जो रबरी पडदा असतो त्याला काय म्हणतात, हे मला तोवर दोन्ही भाषांत माहीत नव्हतं. आता इंग्रजीतलं कळलंय. मराठीसाठी सासरे म्हणतात, “ते” म्हटलं तरी चालतं.