आधी नळाला हात लावा

भामरेआप्पांच्या घरात चपला घालून शिरलात तरी एकवेळ चालायचं, पण नळाला हात न लावता बैठकीत गेलात तर तुमची धडगत नव्हती. "नळाला हात लावला का, भाऊ?" हाच त्यांचा रामराम. आपल्या अंगात म्हणे वीज साचते. लोखंडी नळ धरला की ती जमिनीत जाते, नाहीतर बोटांवाटे कॉम्प्युटरमध्ये उतरून त्याचा जीव घेते, असं त्यांनी कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं होतं. दूधवाला, रद्दीवाला, सगळे आधी मोरीत जाऊन नळ धरून येत. सत्यनारायणाच्या गुरुजींना तर हा सोवळ्याचाच नवा प्रकार वाटला. मी बँकेतला माणूस, सही जुळल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, पण नळ मीही धरायचो. आणि ज्या कॉम्प्युटरच्या जिवाला आप्पा एवढे जपत, त्यात जीव मुळी आलेलाच नव्हता.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. सुरतेतल्या उधन्यात आमची भिंतीला भिंत. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्यांवरच्या छपाईची नक्षी ते हाताने कागदावर काढत. अर्ध्या सुरतेच्या पदरांवर आप्पांच्या कोयऱ्या असतील. एक दिवस शेठ म्हणाले, "आप्पा, हवे बधुं कॉम्प्युटर पर थशे. होळी सुधी शीखी लो." आता सगळं कॉम्प्युटरवर होणार, होळीपर्यंत शिका. न शिकलात तर काय, ते शेठ बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

तयार वस्तू घेणं आप्पांना कधीच मान्य नव्हतं. घरातला पंखासुद्धा त्यांनी तीन पंखे मोडून बनवलेला. कॉम्प्युटरचाही एकेक भाग त्यांनी कुठून कुठून आणला आणि बैठकीतल्या टेबलावर जोडायला घेतला. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे शांतावहिनी त्या पेटीचं बाळंतपण चालल्यासारख्या दबक्या पावलांनी वावरत.

वहिनींची एक सवय सांगायलाच हवी. आप्पा महत्त्वाच्या कामाला निघाले की त्या कपाळाला ओलं कुंकू लावून वर अक्षतेचा एक दाणा चिकटवायच्या. आप्पा मुकाट मान वाकवत. मग बँकेत जायला मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसायचो, आणि कोपऱ्यावरचा पानाचा गल्ला, म्हणजे आपली टपरी, आला की ते गाडी थांबवून रुमालाने कपाळ पुसून टाकायचे. "मिलमधली पोरं नवरदेव म्हणून चिडवतात, भाऊ." हे वहिनींना ठाऊक नसेल असं त्यांना वाटे. रुमाल धुणार कोण, हा विचार पुरुषाच्या डोक्यात येत नाही.

दसऱ्याला मुहूर्त धरला. मेमरीची पट्टी खाचेत बसवायची तेवढी बाकी ठेवली होती. आप्पांनी पट्टी उचलली तोच वहिनी ताम्हण घेऊन आल्या. "पहिले पूजा करू द्या. मंग बसवा काय बसवायचं ते." आयुधांची पूजा झाल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही, हे आप्पांनाही मान्यच होतं. उघड्या पेटीवर हळद, कुंकू, अक्षता पडल्या. आप्पांनी पट्टी दाबून बसवली, आम्हा सगळ्यांना देवाचं नाव घ्यायला लावलं आणि बटण दाबलं.

टीं. टीं. टीं. पडदा काळा.

वहिनींचा चेहरा उतरला. "माझ्या हातचं काही चुकलं का हो?"

"तुझ्या हातचं कशाला चुकेल? ही उधन्याची वीजच बेकार," आप्पा फटकन म्हणाले.

तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. विजेचा दाब सांभाळणारी पेटी आली. टेबल उत्तरेकडून पूर्वेकडे गेलं. मेमरीची पट्टी खोडरबराने घासून झाली, मग नवी आणली, तीही तशीच ओरडली. दर दोन-चार दिवसांनी भिंतीपलीकडून आरोळी यायची, "बिमारी सापडली, भाऊ!" मी जायचो, नळ धरायचो, आप्पा बटण दाबायचे, टीं टीं टीं. आमच्या हिला तर त्या आवाजात कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात. तिने दोनदा डाळ करपवली आणि दोन्ही वेळा माझ्यावर चिडली. वहिनी मात्र आतून म्हणायच्या, "बिचारं रडतंय हो. उगी राहू द्या त्याला आज."

संक्रांतीच्या आधी वहिनी गेल्या. सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हळदीकुंकवाला लुटायच्या वाट्या आणून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. चांगल्या बाईला निरोप घ्यायलासुद्धा सवड मिळू नये, याचा राग येतो.

दिवस झाले आणि आप्पा पुन्हा टेबलाशी बसू लागले. पण आता आरोळी येईना. टीं टीं तेवढं ऐकू यायचं. होळी तोंडावर आली होती, मिलमध्ये तीन कॉम्प्युटर येऊन पडले होते आणि हा माणूस नुसता पेटीत बघत बसलेला. एका रविवारी दुपारी मी वैतागून गेलो, नळ धरला, बॅटरी घेतली आणि स्वतःच पेटीत डोकं घातलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण नोटांच्या थप्पीत वेगळी नोट दिसावी तशी एक गोष्ट दिसली. मेमरीची पट्टी एका टोकाला जरा उचललेली होती. मी ती काढली. पांढऱ्या खाचेच्या तळाशी एक तांदळाचा दाणा अडकला होता, फिकट गुलाबी झालेला.

"बिमारी सापडली, आप्पा!" या वेळी मीच ओरडलो. "अहो, अक्षता! एवढ्यासाठी इतके महिने? चिमटा कुठाय?"

"हात लावू नका."

मी वळून पाहिलं. आप्पा खुर्चीत अंग चोरून बसले होते.

"मला ठाऊक आहे, भाऊ. तिचे दिवस झाल्यावर दिसला मला."

"मग काढला का नाही?"

"ती विचारत होती, माझ्या हातचं चुकलं का. मी नाही म्हटलं. आता हा काढला आणि हे सुरू झालं, तर चूक तिचीच होती असं ठरेल ना?" पेटीकडे बघत ते म्हणाले, "जाईपर्यंत तिला तेच वाटत होतं. तोंडाने म्हणत नव्हती."

"अहो, नोकरी जाईल तुमची."

"हाओ," आप्पा म्हणाले. "जाईल."

मी पट्टी होती तशी ठेवली आणि घरी आलो. हिला काही सांगितलं नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. भिंतीपलीकडून आवाज आला. टीं. एकदाच. मी पुढच्याची वाट पाहिली. तो आलाच नाही. तोंडाला साबण तसाच ठेवून मी पळालो, थेट बैठकीत.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटत होती. आप्पा मिलचे कपडे करून उभे होते. "शेठना सांगतो, शिकायला बसतोय म्हणून," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर ओलं कुंकू होतं. स्वतःच्या हाताने लावलेलं, जरा वाकडंच. त्यावर एकच दाणा होता, टोकाला चेपलेला, फिकट गुलाबी.

नळाला हात लावायला मी विसरलो होतो, पण आप्पांनी विचारलं नाही.

तोंड धुऊन मी स्कूटरवर मागे बसलो. कोपऱ्यावर पानाचा गल्ला आला. सवयीने मी पाय खाली टेकायला घेतला, पण आप्पांनी गाडी थांबवली नाही.