बावीस वर्षांच्या दुपारी

पृथ्वीचं उद्या काय होणार हे कळायला काल काय झालं होतं हे माहीत असावं लागतं, आणि काल काय झालं होतं हे तळघरात असतं. आमच्या तळघरात हवामानाच्या चारशे बारा नोंदवह्या निघाल्या. (त्यांपैकी साठ वह्यांवर कपाट उभं होतं. त्या काढल्यापासून कपाट डुगडुगतं. त्याची वेगळी फाइल आहे.) या वह्या संशोधनासाठी संगणकात उतरवायला ‘जुन्या नोंदी पुनर्प्राप्ती कक्ष’ स्थापन झाला. मी त्याचा सचिव.

कक्षाचा नियम साधा आहे. नोंद ज्या नियुक्त निरीक्षकाची, त्यानेच ती प्रमाणित करायची. तो हयात नसेल तर ती प्रमाणितच मानायची. बहुतेक निरीक्षक हयात नसल्यामुळे काम झपाट्यानं उरकलं. एक निरीक्षक मात्र जिवंत निघाले. वय शहाऐंशी.

त्यांच्या वह्या म्हणजे कक्षाचं भूषण. सकाळी आठचं तापमान बावीस वर्षं चोवीस अंशांवर स्थिर. इतकी शिस्त हवामानात क्वचित आढळते. दुपारी दोनचे आकडे मात्र रोज वेगळे: ३३.७, ३५.२, ३१.९. अक्षरही वेगळं, बारीक आणि टोकदार. आमच्या संशोधक बाई ते आकडे पाहून खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, “इतकं काटेकोर वाचन मी आजवर पाहिलं नाही. कामाचं आहे ते हेच.”

आजोबांना बोलावलं. सोबत आजी आल्या. आजोबांनी सकाळच्या नोंदींवर सह्या केल्या आणि दुपारचा रकाना आला तशी लेखणी खाली ठेवली.

“दुपारच्या हिच्या आहेत,” ते म्हणाले. “मी जरा पडायचो.”

“उठवायला गेलं की चिडायचे,” आजींनी खुलासा केला. “मग म्हटलं, आपणच बघून यावं. तापमापकाची पेटी अंगणाच्या टोकाला होती. पारा डोळ्यांसमोर सरळ धरून वाचायचा, श्वास काचेवर जाऊ द्यायचा नाही. त्यांच्याच पुस्तकात लिहिलं होतं.”

हजेरी तपासली. आठ हजार पस्तीस दुपारींपैकी आजी चार दुपारी गैरहजर. (बाळंतपणं दोन, प्रत्येकी दोन दिवस.)

“आणि सकाळच्या?” बाईंनी विचारलं.

“त्या अंथरुणातून,” आजी म्हणाल्या. आजोबा खिडकीबाहेर पाहू लागले, बहुधा हवामान.

मग आजी कक्षाच्या प्रमुखांकडे, म्हणजे आमच्या साहेबांकडे वळल्या. “सकाळचं सगळं खोडा. माझं तेवढं राहू द्या. मी उन्हात उभी राहिलेय.”

बाईंनी आजींच्या बाजूनं तासभर भांडून पाहिलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण ते मनानं फार चांगले आहेत. पण नमुना ‘क’मध्ये ‘नोंद अधिकृत आहे काय?’ असा रकाना आहे. ‘नोंद खरी आहे काय?’ असा नाही. तो घालायचा तर बाकीच्या चारशे वह्याही पुन्हा उघडाव्या लागल्या असत्या. निर्णय एकमतानं झाला. (बाईंचं मत मोजलं नाही, त्या निमंत्रित होत्या.)

त्यानुसार सकाळच्या नोंदी कायम झाल्या. दुपारच्या अनधिकृत म्हणून बाद झाल्या, आणि मोकळी जागा वाईट दिसते म्हणून सकाळच्या चोवीसमध्ये सात मिळवून भरण्यात आली. आता त्या गावात बावीस वर्षं दुपारी बरोबर एकतीस अंश तापमान होतं. पूर्वी एवढं ऊन नव्हतं असं लोक म्हणतात, त्याला अखेर कागदोपत्री आधार मिळाला.

आजोबांना प्रमाणपत्र दिलं. आजींनी आपल्या वह्या परत मागितल्या. त्या कार्यालयाची मालमत्ता असल्याचं मीच त्यांना सांगितलं. त्या एका पानावरून बोट फिरवत बराच वेळ बसल्या. मला फार वाईट वाटलं आणि मी पाणी मागवलं. जाताना प्रमाणपत्र त्यांनीच नीट घडी घालून पिशवीत ठेवलं, आजोबा विसरतील म्हणून.

तुम्ही आजींच्या बाजूचे आहात हे उघड आहे. कक्षाला त्याचा आनंद वाटतो. फक्त एवढं करा: हे वाचायला तुम्हाला आत्ता जी निवांत पाच मिनिटं मिळाली, तेवढ्यात घरातलं तुमच्या वाट्याचं काम ज्या व्यक्तीनं केलं, तिचं नाव आम्हाला कळवा. नियुक्तीपत्राची प्रत जोडावी.