गुडघ्याचा लाभांश

"आज कितीने वाढला हो गुडघा?" पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले.

"दोन टक्क्यांनी," निवृत्त ग्रंथपालांनी वर्तमानपत्रावरची दृष्टी न हलवता उत्तर दिले.

खनिज तेलाच्या भावाला त्या घरात हेच नाव पडले होते. निवृत्तीच्या रकमेतून ग्रंथपालांनी तेल उपसणाऱ्या एका कंपनीचे समभाग पत्नीच्या नावे घेतले होते. भाव चढला की कंपनीला नफा, नफ्यातून लाभांश आणि लाभांशातून पत्नीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, अशी त्यांची तर्कपरंपरा निर्दोष होती. खर्चाची निम्मी रक्कम कपाटात होती. उरलेली भूगर्भातून यावयाची होती. यंदा शस्त्रक्रिया झाली नाही तर वाकलेला पाय पुन्हा सरळ होणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

मुलाचा मालवाहू टेम्पो होता. तो चपला घालता घालता म्हणाला, "बाबा, डिझेल महागलं की तुमचा चेहरा उजळतो. माझं गिऱ्हाईक जुन्याच भाड्यावर अडून बसलंय. टेम्पो विकू का?"

"विकू नकोस. डिझेलचा भाव जेवढा चढेल, तेवढा फरक मी भरीन."

"कशातून?"

"कपाटातल्या पैशांतून. तुझं जाईल ते लाभांशाच्या वाटेनं परत येईल."

"म्हणजे माझा गुडघा टेम्पोच्या टाकीत," पत्नी म्हणाली.

"तात्पुरता," ग्रंथपाल म्हणाले.

भाव चढतच गेला. टेम्पो धावत राहिला, कपाट रिकामे होत गेले आणि ग्रंथपालांची प्रसन्नता उत्तरोत्तर वृद्धिंगत होत गेली. कपाटात काहीच उरले नाही, त्या आठवड्यात कंपनीच्या वार्षिक सभेचे निमंत्रण आले. समभाग पत्नीच्या नावे असल्याने तीही निघाली. तिला गुडघ्याची वार्ता स्वतःच्या कानांनी ऐकायची होती.

सभागृह तिसऱ्या मजल्यावर होते. लिफ्टच्या दारावर फळी आडवी लावलेली होती.

"वीज गेलीय, आजी," पहारेकरी म्हणाला. "जनरेटरवर वरचे पंखे तेवढे चालवतात. डिझेल परवडत नाही म्हणतात साहेब."

"तेलाच्या कंपनीला?"

"मला काय विचारता? मी सायकलनं येतो."

पत्नी पहिल्या पायरीवर बसली. ग्रंथपाल एकटेच वर गेले.

अध्यक्ष धीरगंभीर वाणीने बोलत होते. भाव कोसळेल या भयाने संचालक मंडळाने वर्षभराचे सारे तेल जुन्याच दराने आगाऊ विकून टाकले होते. भाव कोसळला असता, तर हा निर्णय दूरदर्शी ठरला असता. विहिरी खोदणाऱ्या यंत्रांना लागणारे डिझेल मात्र कंपनीला रोजच्या नव्या दराने घ्यावे लागत होते. त्यामुळे तिजोरीत येणारा पैसा होता तेवढाच राहिला, जाणारा वाढला.

"मग लाभांश?" ग्रंथपालांनी उभे राहून विचारले.

"यंदा नाही. पुढच्या वर्षीचं तेल मात्र आम्ही आगाऊ न विकता मोकळं ठेवलंय. ते चढ्या भावानंच विकू."

सभागृहात टाळ्या झाल्या. ग्रंथपालांनीही वाजवल्या, हात आधीच उचलले गेले होते.

ते खाली आले, तेव्हा पत्नीने त्यांच्या मुद्रेकडे पाहिले. मग तीच म्हणाली, "पुढच्या वर्षी म्हणाले असतील."

"हो."

"गुडघ्याला तसं सांगते."

इतक्यात टेम्पो येऊन थांबला. मुलगा उडी मारूनच उतरला. कित्येक महिन्यांनी तो हसत होता.

"बाबा, सुटलो. तेल धाडकन उतरलंय. अजून उतरणार म्हणतात. आता तुम्हाला फरक भरायला नको."

ग्रंथपालांनी जिन्याच्या कठड्याला हात टेकला. पुढच्या वर्षीचे मोकळे तेल त्यांच्या डोळ्यांपुढून मातीमोल होऊन वाहत गेले. वर पुन्हा टाळ्या झाल्या.

टेम्पोची पायरी उंच होती. पत्नीचा पाय तेवढा उचलला जाईना. बापलेकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरले आणि एखादे नाजूक सामान चढवावे तसे आत बसवले. तिने पाय हातांनी उचलून जागेवर ठेवला.

"घरी गेले की देवापुढं बसेन म्हणते," ती म्हणाली. "काय मागू? भाव चढू दे, की उतरू दे?"

मुलाने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी मुलाकडे पाहिले. मग मुलाने टेम्पो सुरू केला.