घरच्यासारख्या काकू

"साहेब, गरिबी कमी करणारा कायदा झाला, तर आमच्या घरची भांडी कोण घासणार?"

प्रश्न तोफेने विचारला. तोफ म्हणजे दहावीतली मुलगी. महिन्यापूर्वी तिला सोळा वर्षं पूर्ण झाली होती आणि तेव्हापासून माइक दिसला की तिचे पाय आपोआप तिकडे वळत. हा प्रश्न मात्र पैजेचा होता. "विचारून दाखव, आठवडाभर तुझी भूमिती आमच्याकडे," असं मागच्या रांगेतल्या दोघी म्हणाल्या होत्या, आणि भूमिती टाळण्यासाठी तोफ याहून भयंकर काही करायलाही तयार होती.

शाळेच्या सभागृहात सगळे तिच्याकडे वळून बघू लागले. पहिल्या रांगेत तिची आई बसली होती. राज्यात असा कायदा व्हावा म्हणून चार वर्षं मोर्चे काढणाऱ्या कृती मंचाची ती अध्यक्ष. घरकाम करणाऱ्यांना आठवड्याची सुट्टी, आजारपणात पगारी रजा, म्हातारपणी पेन्शन. विधेयकाची तिन्ही कलमं तिला तोंडपाठ. लेकीचा प्रश्न ऐकून तिने मान खाली घातली. व्यासपीठावरच्या लोकप्रतिनिधींनी मात्र खिशातून वही काढली आणि प्रश्न जसाच्या तसा उतरवून घेतला.

"चार वर्षांत इतकं मुद्द्याचं मला कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

तीन महिन्यांनी कायदा मंजूर झाला. त्याच्या शेपटाला एक छोटासा अपवाद होता. एका विद्यार्थिनीने उपस्थित केलेल्या रास्त शंकेचं निरसन म्हणून, जी कामगार 'घरच्यासारखी' असेल तिला हा कायदा लागू होणार नव्हता. घरच्या माणसाला रजा देण्याची पद्धत कुठेही आढळत नाही, असं विधेयक तपासणाऱ्या समितीचं मत पडलं होतं. घरच्यासारखी असल्याचा दाखला मालकाने नमुना 'फ' भरून स्वतःच द्यायचा होता.

तोफेने तो परिच्छेद वर्गात सात वेळा वाचून दाखवला. "विद्यार्थिनी म्हणजे मी बरं का," हे आठव्यांदा सांगायला लागली तेव्हा बाईंनी तिला बाहेर उभं केलं. तिथेही तिने शिपायाला वाचून दाखवला.

आईनेही स्वतःची समजूत घातली. "कायदा झाला हे महत्त्वाचं. अपवाद काय, मागाहून काढता येतात." विजय साजरा करायला रविवारी मंचाचे चाळीस लोक घरी आले. साप्ताहिक सुट्टीच्या हक्कावर सहा भाषणं झाली आणि ती ऐकताना रिकामे झालेले कप काकूंनी विसळले. काकू अकरा वर्षं त्यांच्याकडे धुणंभांडी करत होत्या. त्या घरच्यासारख्याच आहेत याबद्दल नमुना 'फ' भरताना कुणाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गाडी अडली ती फक्त पहिल्या रकान्यावर.

"काकूंचं नाव काय हो?" आईने विचारलं.

"काकूच की," बाबा म्हणाले.

"अन् आडनाव?"

"आपलंच टाक. आता घरच्याच आहेत."

काकू पाच घरी जात. पाचही घरांनी मोठ्या मनाने दाखले दिले. इथून पुढे दारिद्र्यमापन विभागाचं काम सुरू झालं. विभागाचा नियम सरळ होता. माणूस गरीब आहे की नाही, हे त्याच्या कुटुंबावरून ठरतं. काकूंच्या कुटुंबात आजवर त्या आणि त्यांची मुलगी एवढीच माणसं होती. आता त्यात पाच बिऱ्हाडं जमा झाली. एकूण तेवीस माणसं, एकोणीस खोल्या, तीन गाड्या, एक पियानो. विभागाने अहवालात अभिमानाने जाहीर केलं की घरकामगारांमधली गरिबी अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी घटली असून उरलेल्या दोन टक्क्यांच्या मालकांकडे दाखल्यासाठी पाठपुरावा चालू आहे. आईच्या मंचाला पुरस्कार मिळणार असं कळलं. अट एकच, मंचाच्या एकाही सदस्याच्या घरचा दाखला बाकी राहता कामा नये.

त्याच आठवड्यात काकूंच्या मुलीला पत्र आलं. नर्सिंगच्या शिक्षणासाठी गरीब कुटुंबांच्या राखीव जागांतून तिला मिळालेला प्रवेश रद्द होत होता. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावं.

काकूंनी तोफेला जिन्यात गाठलं. "बाळ, तू धीटपणे बोलतेस. माझ्याबरोबर कचेरीत येशील?"

तोफ अशी निघाली की काकूंना तिच्यामागे धावावं लागलं.

खिडकी क्रमांक चारमागच्या कारकुनाने फाइल उघडली. "बाई, तुमच्याकडे तीन गाड्या आहेत."

"मला सायकलसुद्धा येत नाही हो."

"चालवता येणं हा निकष नाही. शिवाय पियानो आहे."

"तो मी फक्त पुसते."

"म्हणजे नियमित हाताळणी," कारकून म्हणाला आणि त्याने तशी नोंद केली.

तोफ पुढे सरसावली. "अहो काका, त्या घरच्या नाहीत. घरच्यासारख्या आहेत."

"त्यात फरक उरलेला नाही. कुणा शाळकरी मुलीने शंका काढली होती, तिच्यामुळे तो मुद्दा कायमचा निकालात निघाला. हुशार असणार पोरगी."

तोफ सरसावली होती तेवढीच मागे सरली. काकू मात्र तिच्याकडे आशेने बघत होत्या.

"एक वाट आहे," कारकून म्हणाला. "पाचांपैकी कुठल्याही एका घरातल्या, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने लिहून द्यायचं की ही आमची कुणी नाही. सकारण. मग फेरतपासणी लागते, आणि ती संपेपर्यंत मुलीची जागा कुणी काढून घेऊ शकत नाही."

काकू दोन दिवस घरोघरी हिंडल्या. पियानोवाल्या बाईंना गहिवरून आलं. असं अभद्र लिहायला हात धजणार नाही म्हणाल्या. दुसऱ्या घरचे आजोबा चिडले, आम्ही काय माणुसकी सोडली का म्हणाले. उरलेल्या दोन घरांनीही कानांवर हात ठेवले. तसं वागायला कुठल्याच घरात कुणाची हरकत नव्हती. लिहून द्यायला होती.

गुरुवारी संध्याकाळी आई पुरस्काराच्या भाषणाचा सराव करत होती. काकूंनी तिलाही विचारलं.

"काकू, मी? मंचाची अध्यक्ष? कसं दिसेल ते? त्यापेक्षा आपण कायद्यातच दुरुस्ती मागू. पुढच्या अधिवेशनात विषय लावूनच धरते बघा."

"ते कधी असतंय, ताई?"

"सहा महिन्यांनी."

"बरं," म्हणून काकू ओटा पुसायला गेल्या, आणि पुसून झाल्यावर चपला घालून घरी गेल्या.

दार लागलं तशी तोफ दिवाणखान्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. आईला वाटलं, भाषण ऐकायला आली.

"आई, बाबा, मी ठरवलंय," तोफ म्हणाली. "उद्या दहाला खिडकी उघडते. मी लिहून देणार आहे की काकू आपल्या कुणी नाहीत."

"वेडी आहेस का?" बाबा म्हणाले. "आणि कारणं काय देणार?"

"लिहून झालीत. अर्जात कारणांसाठी चार ओळी सोडल्यात, मला तीन पुरवण्या लागल्या. मागच्या वर्षी काकूंनी दवाखान्यातून फोन केला होता ना, तेव्हा आपण पहिलं वाक्य काय बोललो तेही घातलंय. 'मग उद्या येणार ना?' फोन मीच उचलला होता, म्हणून तिथे माझं नाव आहे. बाकीची तुमच्या नावांवर आहेत." तिने बगलेतला कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "आणि हे 'आमची कुणी नाही'चे कोरे अर्ज. कचेरीत धूळ खात पडले होते, कुणी नेतच नाही म्हणाले. उद्या कचेरीतून येताना प्रत्येक दाराच्या फटीतून एकेक सरकवणार आहे. ज्यांच्याकडे कुणीच घरच्यासारखं नसेल, त्यांनी तेवढा मला परत आणून द्यावा."